बोटातली वीज

थंडीचे दिवस आहेत. अंगात स्वेटर घालून, प्लॅस्टिकच्या खुर्चीत पाय वर घेऊन तुम्ही पुस्तक वाचत बसला आहात. दारावर कुणीतरी टकटक करतं. तुम्ही उठता, लोखंडी कडीला हात लावता आणि... चट्! बोटाला चांगलाच चटका बसतो. तुम्ही कडीकडे रागानं पाहता. पण दोस्तांनो, बिचाऱ्या कडीचा यात काही दोष नाही. वीज तुमच्याच बोटातून निघालेली असते!

ही वीज आली कुठून? कोरड्या केसांवर कंगवा घासून कागदाचे कपटे उचलण्याचा खेळ तुम्ही खेळला असालच. दोन वेगळ्या वस्तू एकमेकींना टेकल्या आणि दूर झाल्या, की एकीवरचे काही इलेक्ट्रॉन दुसरीवरच राहून जातात. घासलं की त्या जास्त ठिकाणी टेकतात, एवढंच. तृणमणी चोळला की तो गवताच्या काड्या ओढून घेतो, हे जुन्या लोकांनाही माहीत होतं. त्याचं नावच बघा ना, तृणमणी! ग्रीक लोक त्याला 'इलेक्ट्रॉन' म्हणत, आणि 'इलेक्ट्रिसिटी' हा शब्द तिथूनच आला.

तर, तुम्ही खुर्चीवरून उठलात तेव्हा तुमचे कपडे आणि खुर्ची यांची अशीच वाटणी झाली. पायात रबरी चपला असतील, तर अंगावरची वीज जमिनीत जाऊ शकत नाही. ती अंगावरच साठून राहते आणि धातू दिसला की उडी मारते. अनवाणी पायांनी शहाबादी फरशीवर चालणाऱ्याला असे चटके सहसा बसत नाहीत. पावसाळ्यातही नाही. दमट हवेत वस्तूंवर पाण्याचा अगदी पातळ थर बसतो आणि त्यावरून वीज हळूच निघून जाते. म्हणून मुंबईच्या मुलांपेक्षा नागपूरच्या मुलांना हा अनुभव जास्त!

आता एक आकडा सांगतो, दचकू नका. अशा वेळी तुमच्या अंगावर दहा हजार व्होल्टसुद्धा असू शकतात. घरातल्या प्लगमध्ये असतात २३०. मग २३० व्होल्ट जीव घेतात आणि दहा हजारांनी नुसता चटका, हे कसं? उंच टाकीवरून डोक्यावर एकच थेंब पडला तर काय होईल? काही नाही. पण कालव्याचा लोंढा कमी उंचीवरून आला, तरी माणूस वाहून जातो. व्होल्ट म्हणजे उंची समजा. तुमच्या अंगावरची वीज म्हणजे तो एक थेंब. तिच्यातली सगळी ऊर्जा एकत्र केली, तर दोन शेंगदाणे जमिनीवरून जेमतेम अर्धा मीटर उचलले जातील. प्लगमधली वीज मात्र मागून येतच राहते. म्हणून तिच्याशी खेळ नाही म्हणजे नाही.

माणसाला एवढासा चटका बसतो, पण इलेक्ट्रॉनिक वस्तूंचं तसं नाही. एक खरा किस्सा सांगतो.

माझा एक मित्र कारखान्यांतल्या यंत्रांची कंट्रोल पॅनेल दुरुस्त करतो. कंट्रोल पॅनेल म्हणजे यंत्राचा मेंदू असलेलं कपाट. बाहेर बटणं आणि आकडे, आत वायरींचं जंगल आणि इलेक्ट्रॉनिक कार्डं. एका हिवाळ्यात त्याला प्लॅस्टिकचा कागद बनवणाऱ्या कारखान्यातून बोलावणं आलं. मीही बरोबर गेलो. तिथं पॉलिथिनच्या मोठमोठ्या गुंडाळ्या भराभर फिरत होत्या. जवळ हात नेला तर हातावरचे केस उभे राहत! तक्रार अशी होती, की पॅनेलचं बटण दाबलं की मोजलेले मीटर एकदम शून्यावर येतात. कधी यंत्रच बंद पडतं. पण रोज नाही. बहुतेक वेळा रात्रपाळीला, आणि तेही एकाच कामगाराच्या हातून.

झालं! लोक त्याला 'पनवती' म्हणायला लागले. "याचा हातच वाईट," असं तोंडावर बोलत. त्याला यंत्रावरून काढून गोदामात हमालीला पाठवायचं ठरत आलं होतं. तो माणूस एका बाजूला मान खाली घालून उभा होता. मला अजून तो चेहरा आठवतो.

मित्रानं आधी कपाट उघडलंच नाही. त्यानं त्या कामगाराचे बूट पाहिले. जाड रबरी तळव्याचे. अंगात रात्रीच्या थंडीसाठी नायलॉनचं जाकीट. बाकीचे कामगार चामडी चपला घालत. मग मित्रानं पॅनेलच्या दाराकडे पाहिलं. दार नवंकोरं चकचकीत!

"हे कधी रंगवलंत?"

"दिवाळीच्या आधी," कुणीतरी म्हणालं.

"आणि त्रास कधीपासून?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

अशा लोखंडी दाराला आतून तांब्याच्या तारांची एक विणलेली पट्टी असते. ती दार आणि कपाट यांना जोडते आणि कपाट जमिनीला जोडलेलं असतं. यालाच अर्थिंग म्हणतात. माणसाच्या बोटातून ठिणगी उडाली, तर तिनं दारावरून, पट्टीवरून सरळ जमिनीत जायचं. रंगाऱ्यानं काम करताना ती पट्टी सोडली होती आणि नंतर रंगावरच पुन्हा बोल्ट आवळला होता. रंगातून वीज जात नाही! दिसायला पट्टी जागेवर, पण रस्ता बंद. बिजागऱ्याही रंगानं माखलेल्या. मग ठिणगीची वीज जाणार कुठं? ती बटणांच्या वायरींतून आत घुसत होती. हे सारं सेकंदाच्या एका कोट्यंश भागाच्या हिशेबात उरकतं, पण तेवढ्या वेळात चिपला वाटतं की कुणीतरी हुकूम दिला. ती गोंधळते आणि शून्यापासून पुन्हा सुरुवात करते.

मित्रानं बोल्टखालचा रंग खरवडला, दातेरी वॉशर घालून पट्टी घट्ट बसवली आणि मीटर लावून पाहिलं. नंतर त्याच कामगाराला गुंडाळ्यांजवळ चार फेऱ्या मारायला लावून बटण दाबायला सांगितलं. एकदा, दोनदा, दहादा. आकडा जागचा हलला नाही. ज्यांनी नाव ठेवलं होतं ते मग घड्याळाकडे बघत पांगले. माफी वगैरे कुणी मागितली नाही.

पॅनेल बनवणारे यापेक्षाही बरीच काळजी घेतात. घरात वॉशिंग मशीन असेल तर त्याची बटणं पाहा. बऱ्याच यंत्रांवर ती प्लॅस्टिकच्या अखंड पापुद्र्याखाली असतात. फट नाही, म्हणजे ठिणगीला आत शिरायला वाट नाही. एक सेंटिमीटर हवा ओलांडायला विजेला साधारण तीस हजार व्होल्ट लागतात, म्हणून बोट आणि वायर यांच्यात थोडं अंतर ठेवलं तरी बरंच काम होतं. तरीही काही आत आलंच, तर वायरीच्या तोंडाशी एक खास डायोड बसवतात. धरणाला सांडवा असतो ना, तसा तो. एरवी बंद. व्होल्ट ठरावीक पातळीच्या वर गेले की उघडतो आणि जास्तीची वीज जमिनीकडे सोडून देतो. असं पॅनेल तपासण्यासाठी एक पिस्तूलही असतं. त्यातून गोळ्या नाही, ठिणग्या सुटतात! आंतरराष्ट्रीय कसोटीत धातूला टेकवून आठ हजार आणि हवेतून पंधरा हजार व्होल्टपर्यंतच्या ठिणग्या मारून पाहतात.

पण हे सगळं दार बंद असताना. दार उघडून कार्ड हातात घेतलं, की ते उघडं पडतं. त्यावरच्या चिपमध्ये जे विजेचे पडदे असतात, ते काही नॅनोमीटर जाडीचे. केसाच्या जाडीचे दहा हजार पापुद्रे काढले, तर त्यातला एक जेवढा असेल जवळपास तेवढे! काही चिप शंभर व्होल्टलाही दगावतात. आपल्याला मात्र दोन-तीन हजार व्होल्टच्या खाली काही जाणवतच नाही. म्हणजे चटका बसला नाही, आवाज झाला नाही, आणि तरी चिप गेली. म्हणून दुरुस्ती करणारे मनगटाला एक पट्टा बांधतात. त्याची वायर अर्थिंगला जोडलेली असते, पण मध्ये दहा लाख ओहमचा रोध असतो. चुकून दुसरा हात २३० व्होल्टला लागलाच, तर त्या पट्ट्यातून पाव मिलिअँपिअरपेक्षाही कमी वीज वाहते आणि माणूस वाचतो. (हे वाचून कुणी स्वतःला वायर बांधून प्लगला जोडायला जाईल, तर त्याचा कान मी स्वतः येऊन पिळीन! घरच्या चटक्यावर सोपा उपाय आहे. हातात किल्ली घट्ट धरा आणि आधी ती कडीला टेकवा. ठिणगी किल्लीतून उडेल, बोटाला कळणारही नाही.)

त्या कारखान्यातून आठवड्यानं पुन्हा फोन आला. आता मीटर बरोबर येत होते, पण यंत्र मधूनच थांबत होतं. मित्राला नवल वाटलं नाही. दोन महिने ठिणग्या खाल्लेल्या कार्डातली एखादी चिप अर्धमेली झालेली असणार. अशा चिप तेव्हाच मरत नाहीत, काही दिवस काम करतात आणि मग मान टाकतात. तो नवं कार्ड चंदेरी पिशवीत घालून घेऊन गेला. ती पिशवी आत धातूचा थर असलेली असते, म्हणून बाहेरची ठिणगी कार्डापर्यंत पोचत नाही.

पॅनेलशेजारी आता एक पितळी पट्टी बसवली होती. तिच्यावर हात ठेवायचा आणि मगच बटणांना शिवायचं, असा तिथला नियम झाला होता. मी मदत करायला म्हणून ती चंदेरी पिशवी उघडायला गेलो, तोच मागून आवाज आला, "अहो साहेब, थांबा! आधी इथं हात लावा."

पाहतो तर, तोच रात्रपाळीचा कामगार.