जुनी गाडी उभ्या जागी थरथरते, सायलेन्सर तापतो : खर्चाआधी काय तपासावे?

आपल्याकडे मोटार बहुधा एकट्या माणसाची नसते, घराची असते. अम्मीला बार्शीच्या दवाखान्यात न्यायचे, बहिणीला सासरी सोडायचे, वलीम्याला पाच-सहा माणसे बसवून न्यायची, ही सगळी कामे दारातली एकच जुनी गाडी करते. भूम तालुक्यात आजही एमएच-२५ क्रमांकाच्या कितीतरी जुन्या मारुती आठशे, ओम्नी आणि झेन रोज रस्त्यावर दिसतात. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये बाजारात आली आणि २०१४ च्या सुरुवातीला तिचे उत्पादन थांबले. म्हणजे सगळ्यात शेवटची आठशेसुद्धा आता दहा वर्षे मागे टाकून गेली आहे. अशा वयाच्या गाडीत एक दुखणे हमखास येते. उभ्या जागी इंजिन थरथरते, मध्येच धाप टाकल्यासारखे करते आणि थोडे चालवले की सायलेन्सरची नळी भयंकर तापते.

ही दोन वेगळी दुखणी आहेत असे समजून बरेच लोक दोनदा खर्च करतात. थरथरीसाठी इंजिनचे रबर माउंटिंग बदलतात आणि तापण्यासाठी सायलेन्सर. प्रत्यक्षात दोन्हींचे मूळ बहुतेक वेळा एकच असते.

चूल आणि धुराडे

वर्गात मुलांना ज्वलन शिकवताना चुलीचे उदाहरण हमखास कामी येते. लाकूड चुलीत नीट जळले तर उष्णता पातेल्याला मिळते. तेच धुमसत राहिले आणि वरच्या धुराड्यात जाऊन पेटले, तर पातेले गार राहते आणि धुराडे लाल होते. इंजिनचेही तसेच आहे. पेट्रोल सिलिंडरमध्ये, योग्य क्षणी जळायला हवे. ते तिथे जळाले नाही किंवा उशिरा जळाले, तर उष्णता चाकाकडे न जाता धुराच्या वाटेने बाहेर पडते.

हिशेब करून पाहू. आठशेचे इंजिन ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे. उभ्या जागी ते मिनिटाला ९०० फेरे घेते असे धरले, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये दर दोन फेऱ्यांना एकदा ठिणगी पडते, म्हणजे मिनिटाला ४५० वेळा. एका प्लगने काम सोडले तर इंजिनची एक तृतीयांश ताकद जाते, म्हणून ते थरथरते. शिवाय मिनिटाला ४५० वेळा न जळालेले पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण थेट धुराच्या नळीत ढकलले जाते.

त्या नळीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवलेला असतो. मिस्त्री मंडळी त्याला नुसती ‘जाळी’ म्हणतात. मधमाशीच्या पोळ्यासारख्या बारीक छिद्रांच्या ठोकळ्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ थर दिलेला असतो. धुरातला विषारी वायू आणि उरलेसुरले इंधन तो जाळून निरुपद्रवी करतो. नेहमीच्या चालण्यात त्याचे तापमान साधारण ४०० ते ८०० अंश सेल्सिअस राहते. पण कच्चे पेट्रोल सतत येत राहिले तर ते तिथेच पेटते आणि तापमान हजार अंशांच्या वर जाते. मग आतला ठोकळा वितळू लागतो, छिद्रे बुजतात, धूर कोंडतो आणि गाडी चढावर दम तोडते. एका प्लगच्या कुरबुरीतून अनेक हजारांचा खर्च उभा राहतो तो असा.

भारतात १९९५ मध्ये चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि पुढे तो सगळीकडे आला. त्याआधीच्या कार्बोरेटरच्या गाड्यांत जाळी नसते. तिथे तापणारी जागा म्हणजे इंजिनला चिकटलेला मॅनिफोल्ड.

आधी जीव, मग गाडी

सायलेन्सर तापला तरी डॅशबोर्डवरचा काटा हलत नाही. तो काटा इंजिनच्या पाण्याचे तापमान दाखवतो, धुराच्या नळीचे नाही. ‘काटा तर मधोमध आहे’ म्हणून निर्धास्त राहू नका. पायाखालची पत्री चटका देऊ लागली, कुजक्या अंड्यासारखा वास आला, किंवा रात्री खाली वाकून पाहिल्यावर नळी लालसर दिसली, तर गाडी तिथेच बाजूला घेऊन बंद करा. लोखंड अंधारात लाल दिसू लागते ते साधारण ५०० अंशांच्या पुढे.

गाडी कुठे उभी करता हेही पाहा. फेब्रुवारी-मार्चमध्ये बालाघाटाच्या माळावर गवत वाळून कोळ झालेले असते. लग्नकार्यात गाड्या शेतात, कडब्याच्या गंजीशेजारी उभ्या राहतात. तापलेल्या जाळीखाली वाळलेले गवत आले तर आग लागायला वेळ लागत नाही. अशी गाडी मोकळ्या मातीवर किंवा दगडावरच उभी करावी.

तिसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. नळीला चीर असेल तर कार्बन मोनॉक्साईड गाडीत शिरू शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. उरुसाला किंवा लांबच्या प्रवासात मुले गाडीत झोपली आहेत म्हणून इंजिन आणि एसी चालू ठेवून मोठ्यांनी खाली उतरण्याची सवय फार धोक्याची आहे. प्रवासात सगळ्यांचे एकदम डोके दुखू लागले, मळमळू लागले, तर आधी काचा उघडा आणि मुलांना मोकळ्या हवेत आणा.

लाली कुठून सुरू होते?

निदानाची पहिली खूण इथे मिळते. मॅनिफोल्ड लाल झालेला नाही आणि पुढची जाळीच तेवढी लाल होते आहे, तर न जळालेले पेट्रोल तिथे जाऊन पेटते आहे. संशय प्लग, प्लगची वायर, कॉईल किंवा जास्त पेट्रोल सोडणाऱ्या इंजेक्टरवर घ्यावा.

याउलट इंजिनला लागून असलेला मॅनिफोल्डच लाल होत असेल, तर ठिणगी उशिरा पडते आहे किंवा पेट्रोल कमी आणि हवा जास्त होते आहे. उशिरा पडलेल्या ठिणगीची ज्वाला धुराचा वॉल्व्ह उघडेपर्यंत जळतच राहते. अशी गाडी मिसिंग करीलच असे नाही, पण तिला पिकअप नसतो. डेल्को, म्हणजे डिस्ट्रिब्युटर, जागेवरून सरकला, टायमिंग बेल्ट एखादा दात घसरला किंवा डेल्कोच्या व्हॅक्यूमची रबरी नळी फाटली की असे होते.

एखादे सिलिंडर बंद आहे का हे ओळखायची जुन्या मिस्त्रींची एक युक्ती आहे. सकाळी थंड इंजिन चालू करून मिनिटभराने मॅनिफोल्डच्या प्रत्येक फाट्यावर बोटाने पाण्याचे दोन-दोन थेंब टाकायचे. जिथे चर्र आवाज होत नाही ते सिलिंडर काम करत नाही. मात्र थेंबच टाकावेत आणि तेही सुरुवातीलाच. तापलेल्या बिडावर पाणी ओतले तर ते तडकते. कोरोनाच्या काळात घराघरात आलेली कपाळाचा ताप मोजायची बंदूक इथे उपयोगी नाही. ती अंगाच्या तापापुरतीच मोजते.

स्वस्तातून महागाकडे

तपासणीचा क्रम चुकला की पैसे वाया जातात. जे फुकटात दिसते ते आधी बघावे.

१) पीयूसीची चिठ्ठी. बहुतेक जण ती न वाचता काचेजवळ ठेवतात. पेट्रोल गाडीच्या चिठ्ठीवर दोन आकडे असतात : कार्बन मोनॉक्साईड (सीओ) आणि हायड्रोकार्बन (एचसी). हायड्रोकार्बन म्हणजे न जळालेले पेट्रोल. फक्त एचसी वाढले असेल तर गाडी मिसिंग करते आहे. दोन्ही वाढले असतील तर पेट्रोल जास्त जाते आहे. भारत स्टेज २ च्या आधीच्या चारचाकीला सीओ ३ टक्के आणि एचसी १५०० पीपीएमपर्यंत चालते. स्टेज २ आणि ३ ला ०.५ टक्के आणि ७५०. स्टेज ४ ला ०.३ टक्के आणि २००. नुसता ‘पास’चा शिक्का न घेता आकडे वाचा आणि मागच्या चिठ्ठीशी ताडून पाहा.

२) प्लग. इंजिन थंड झाल्यावर प्लग काढून ओळीने मांडा आणि कोणता कुठला हे लक्षात ठेवा. टोक फिकट तपकिरी असेल तर तब्येत ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. पेट्रोलने ओला म्हणजे ठिणगीच नाही. तेलकट म्हणजे रिंग किंवा वॉल्व्ह सीलमधून ऑईल येते. पांढरा, खडूसारखा म्हणजे पेट्रोल कमी किंवा अति उष्णता. तीनपैकी एकच वेगळा असेल तर दोष त्या सिलिंडरचा. तिन्ही सारखेच काळे असतील तर दोष सगळ्यांना सामाईक, उदाहरणार्थ कोंदलेला एअर फिल्टर किंवा बिघडलेला सेन्सर.

३) वायरी. रात्री अंधारात बोनेट उघडून, हात न लावता, चालू इंजिनकडे पाहा. वायरीवर निळसर ठिणग्या नाचताना दिसल्या तर वीज प्लगपर्यंत पोहोचण्याआधीच बाहेर पडते आहे. पावसाळ्यात मिसिंग वाढते ते याच कारणाने.

४) हवेची चोरी. इनटेकची रबरी नळी चिरली किंवा पॅकिंग गेले की मोजमापाबाहेरची हवा आत शिरते. उभ्या जागी गाडी थरथरते आणि रेस दिली की सुधारते, ही त्याची खूण. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या गाडीच्या रबराला ते मानवतेच असे नाही, म्हणून पेट्रोलच्या आणि हवेच्या नळ्या वर्षातून एकदा दाबून, वाकवून पाहाव्यात.

५) टॅपेट आणि कॉम्प्रेशन. वरचे सगळे ठीक असूनही एक सिलिंडर मंद असेल, तर मिस्त्रीकडून टॅपेटची फट आणि कॉम्प्रेशन मोजून घ्या. एलपीजी किंवा सीएनजीवर चालणाऱ्या जुन्या इंजिनात वॉल्व्हची बैठक झिजते, फट कमी होते, वॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि शेवटी जळतो.

६) स्कॅनर. साधारण २०१० नंतरच्या गाड्यांत चेक इंजिनचा दिवा लागला की संगणकात खूण नोंदलेली असते. पी ०३०० म्हणजे मिसिंग, ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरचे मिसिंग, ०१७१ म्हणजे पेट्रोल कमी, ०१७२ म्हणजे जास्त, ०४२० म्हणजे जाळीचे काम कमी. ०४२० सोबत ०३०१ ही असेल तर आधी ०३०१ चे कारण दूर करा.

जाळी बदलून काय झाले?

आमच्या एका शिक्षक मित्राच्या २००४ च्या आठशेचा अनुभव बोलका आहे. गाडी थरथरायची आणि पायाखाली तापायची. एका मोठ्या गावातल्या गॅरेजने सायलेन्सर बदलला. फरक पडला नाही. मग जाळी जळाली म्हणून जाळी बदलली. महिना-दीड महिना गाडी बरी पळाली आणि पुन्हा तेच. शेवटी भूममधल्याच एका वयस्कर मिस्त्रीने प्लग काढून ओळीने ठेवले. दोन तपकिरी, एक ओला. त्या तिसऱ्या प्लगची वायर आतून तुटलेली होती. वायरींचा संच आणि प्लग बदलल्यावर थरथर थांबली. पण नवी जाळी तोवर अर्धी वितळली होती.

जाळी वितळली हे पहिल्या गॅरेजचे निदान खरेच होते. पण ती का वितळली हे कोणी विचारले नाही. कन्व्हर्टर क्वचितच आपण होऊन मरतो. बहुतेक वेळा त्याला दुसरे कोणीतरी मारते आणि तो सापडेपर्यंत नवी जाळी बसवू नये.

काही ठिकाणी ‘जाळी काढून सरळ पाईप टाकतो, मोकळी पळेल’ असा सल्ला मिळतो. तो ऐकू नका. मूळ दोष तसाच राहतो, विषारी धूर आपल्याच गल्लीत सुटतो, आणि पीयूसीत किंवा १५ वर्षांनंतरच्या नोंदणी नूतनीकरणाच्या तपासणीत गाडी अडते. गाडी विकायची असेल तर हा ऐब घेणाऱ्यापासून लपवावा लागतो, तो वेगळाच.

आपल्या सवयी

जाळीला मारणाऱ्या काही सवयी आपल्याही असतात. पेट्रोल वाचवण्यासाठी घाट उतरताना चावी बंद करून गाडी गिअरमध्ये सोडणे ही त्यातली पहिली. जुन्या गाड्यांत अशाने कच्चे पेट्रोल नळीत ओढले जाऊ शकते. शिवाय इंजिन फिरायचे थांबले की ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम संपून ब्रेक जड होतात आणि घाटात ते जिवावर बेतते. दुसरी, बॅटरी उतरल्यावर पुन्हा पुन्हा धक्का मारणे. तिसरी, मिसिंग चालू असताना ‘बघू ईदनंतर’ म्हणत महिनाभर चालवणे. कोणते सिलिंडर बंद आहे हे पाहण्यासाठी एकेक वायर काढायची पद्धत जाळी असलेल्या गाडीत काही सेकंदांपुरतीच वापरावी. चालू इंजिनची वायर घरच्या कोणी काढू नये, झटका जबर बसतो.

मिस्त्रीकडे जाताना एका कागदावर चार गोष्टी लिहून न्या : थरथर थंड इंजिनात जास्त की गरम झाल्यावर, रेस दिली की सुधारते की वाढते, लाली मॅनिफोल्डवर की जाळीवर, आणि पीयूसीचे दोन आकडे. बदललेला प्रत्येक जुना भाग मागून घ्या आणि तो का बदलला हे विचारा. चांगल्या मिस्त्रीला या प्रश्नाचा राग येत नाही. उलट तो जुना प्लग हातात देऊन दाखवतो. गाडी अब्बांच्या नावावर असो की भाईजानच्या, हा कागद घरातले कोणीही लिहू शकते. शाळेत विज्ञान शिकणाऱ्या मुला-मुलींकडून तो जरूर लिहून घ्या. ज्वलनाचा धडा त्यांना पुस्तकापेक्षा लवकर समजेल.