संकेतस्थळ कुणाच्या नावावर?

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्याकडच्या शिक्षणसंस्था, पतसंस्था, वाचनालये, नाट्यमंडळे यांनी हौसेने संकेतस्थळे काढली. पाहुण्यांनी कळ दाबली, टाळ्या झाल्या, पावतीपुस्तकावर पत्ता छापला गेला. त्या संकेतस्थळाचे भाडे पुढे कोण भरतो, हा विषय मात्र कार्यकारिणीच्या बैठकीत सहसा निघत नाही. इमारतीचा उतारा कपाटात कुलपाखाली असतो. संकेतस्थळाचे कागद कुठे आहेत म्हणून विचारले, की चिटणीस खजिनदाराकडे पाहतात.

संकेतस्थळाला भाडी दोन असतात, हेच मुळात अनेकांना माहीत नसते. एक नावाचे, दुसरे जागेचे. नाव म्हणजे डोमेन. ते रजिस्ट्रार म्हणवणाऱ्या कंपनीकडे नोंदवावे लागते आणि डॉट कॉमसारखे नाव एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी मिळते. म्हणजे तेही कायमचे विकत मिळत नाही. जागा म्हणजे होस्टिंग. कुठल्यातरी दूरच्या शहरातल्या सर्व्हरवरचा एक कोपरा, जिथे आपली पाने आणि छायाचित्रे राहतात. नावाला या जागेचा पत्ता जोडला, की लोकांना संकेतस्थळ दिसते. दोन्ही एकाच कंपनीकडून घेण्याची सक्ती नाही. जागा बदलली तरी नाव तेच ठेवता येते. पण नाव हातचे गेले, तर सर्व्हरवरची पाने शाबूत असूनही वाचकाला ती सापडत नाहीत.

आमच्या भागातल्या एका वाचनालयाचे असेच झाले. व्याख्यानमालेतल्या वक्त्यांची यादी, जुन्या स्मरणिकांची पाने, देणगीदारांची नावे, सगळे मोठ्या कष्टाने चढवले होते. काम एका हुशार विद्यार्थ्याने फुकट केले आणि सोयीसाठी नोंदणी स्वतःच्या ई-मेलवर केली. पुढे तो नोकरीसाठी पुण्याला गेला, जुना ई-मेल त्याने सोडून दिला. मुदत संपत आल्याच्या सूचना त्याच पत्त्यावर जात राहिल्या. आता त्या नावावर कुणा तिऱ्हाइताच्या जुगाराच्या जाहिराती झळकतात, आणि वाचनालयाच्या पावतीवर अजून तोच पत्ता आहे! मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्याकडून कागदपत्रे मागून घेणे हे संस्थेचे काम होते.

मुदत टळली म्हणून नाव त्याच दिवशी दुसऱ्याला जाते असे नाही. डॉट कॉमच्या बाबतीत रजिस्ट्रार साधारणपणे काही दिवस नेहमीच्या दरात नूतनीकरण करू देतात. ही सवलत फार तर ४५ दिवसांपर्यंत असते. नाव रद्द झाल्यावर आणखी ३० दिवस ते सोडवून घेता येते, पण तेव्हा दंडासह बरीच जादा रक्कम मोजावी लागते. त्यानंतर ५ दिवसांनी नाव बाजारात मोकळे होते. जुन्या, लोकांना पाठ झालेल्या नावांवर टपून बसणारे व्यापारी असतातच. म्हणून नोंदणीत मालक म्हणून संस्थेचे नाव हवे आणि ई-मेल संस्थेचा हवा. तोही त्याच डोमेनवरचा नसावा, कारण नाव बंद पडले की त्यावरची टपालपेटीही बंद पडते.

आता जागेकडे वळू. लहान संस्था घेतात ते बहुधा शेअर्ड होस्टिंग. एका सर्व्हरवर शेकडो बिऱ्हाडे, जणू एक मोठी चाळच. नळ एक, जिना एक. शेजाऱ्याकडे गर्दी झाली की आपले पान उघडायला वेळ लागतो. वाचनालयासारख्या संस्थेला एवढे पुरते, मोठ्या जागेचा सोस नको. मात्र जाहिरातीतल्या ‘अनलिमिटेड’ या शब्दावर विसंबू नये. बारीक टाइपातल्या अटींत फायलींच्या संख्येवर आणि सर्व्हरच्या वापरावर मर्यादा घातलेली असते. पहिल्या वर्षाचा दर पाहून खूष होण्याआधी दुसऱ्या वर्षाचा दर विचारावा. गावातले जे तरुण मोठ्या कंपनीकडून जागा घेऊन पोटभाड्याने देतात, त्यांचेही गणित बदलत असते. व्यवस्थापनासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या सीपॅनेल या प्रणालीने २०१९ साली खात्यांच्या संख्येवर दर लावायला सुरुवात केली आणि अशा छोट्या व्यावसायिकांचा खर्च वाढला. हा तरुण धंदा बंद करील तेव्हा आपले सामान कुठे जाईल, हे आधीच विचारून ठेवलेले बरे.

फुकटच्या जागेची कथा तर सर्वांना माहीत असायला हवी. १९९४ साली अमेरिकेत सुरू झालेल्या जिओसिटीजवर जगभरच्या लोकांनी हौसेने पाने थाटली होती. याहूने १९९९ साली ती कंपनी विकत घेतली आणि २६ ऑक्टोबर २००९ रोजी अमेरिकेतली सेवा बंद केली. काही स्वयंसेवकांनी आणि इंटरनेट आर्काइव्हने जमेल तेवढी पाने उतरवून घेतली, बाकीची गेली. पैसे भरले म्हणून निर्धास्त राहावे असेही नाही. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या सर्व्हर-केंद्राला आग लागली आणि लाखो संकेतस्थळे बंद पडली. काही ग्राहकांच्या राखीव प्रतीही त्याच आवारात होत्या, त्या मूळ प्रतींबरोबर जळाल्या.

तेव्हा एक प्रत आपल्या कपाटात हवी. बहुतेक होस्टिंग कंपन्यांच्या नियंत्रण-पानावर ‘बॅकअप’ची सोय असते. महिन्यातून एकदा फायली आणि डेटाबेस दोन्ही उतरवून घ्यावे. नुसत्या फायली घेतल्या तर वर्डप्रेससारख्या प्रणालीतला लिहिलेला मजकूर मागेच राहतो, कारण तो डेटाबेसमध्ये असतो. मराठीसाठी आणखी एक काळजी घ्यावी लागते. प्रत नव्या जागी चढवताना अक्षरसंचाची जुळणी चुकली, की मजकुराच्या जागी चित्रविचित्र अक्षरे दिसतात. ती बहुधा दुरुस्त करता येतात. पण डेटाबेसमध्येच ओळीने प्रश्नचिन्हे साठली गेली असतील, तर मूळ अक्षरे त्या प्रतीतून परत मिळत नाहीत. म्हणून वर्षातून एकदा तरी ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून ‘ज्ञ’, ‘र्‍य’, ‘ळ’ नीट दिसतात का ते पाहावे.

नवी कार्यकारिणी निवडून आली की जुने चिटणीस शिक्का, इतिवृत्ताची वही आणि बँकेचे पासबुक सुपूर्द करतात. त्याच यादीत चार ओळी वाढवाव्यात: रजिस्ट्रारचे नाव व खाते, होस्टिंग कंपनीचे नाव व खाते, दोन्हींच्या मुदतीच्या तारखा आणि शेवटची प्रत असलेला पेन ड्राइव्ह. परवलीचे शब्द बंद पाकिटात द्यावेत, आणि ताबा मिळाल्यावर नव्या चिटणिसांनी ते त्याच आठवड्यात बदलावेत.