कैलासच्या अंगणात दहाचा आकडा

वाळूजहून वेरूळला जायचं तर शहरात शिरावं लागत नाही. साजापूर-शरणापूर करत दौलताबाद गाठायचं, घाट चढायचा, खुलताबाद ओलांडलं की वेरूळ. एमआयडीसीतली रात्रपाळी संपवून मी हा रस्ता कितीदा धरला असेल! आणि तिथल्या कैलास लेण्याच्या अंगणात दर वेळी एकच केलं: डोळ्याला कॅमेरा लावून मागे सरकत गेलो. पाठ कड्याला टेकली तरी शिखर काही मावेना.

अंगण तसं लहान नाही. सुमारे 276 फूट लांब, 154 फूट रुंद. पण मधोमध खुद्द देऊळ उभं! मागे सरकायला जागा उरते ती थोडीच. तिथे अल्ट्रा-वाईड झूमची किंमत कळते.

हिशेब सोपा आहे. भिंतीसमोर 10 फुटांवर उभे राहा. कॅननच्या क्रॉप (लहान सेन्सरच्या) बॉडीवर किट लेन्स 18 मिमीला ठेवली तर आडवी साधारण साडेबारा फूट भिंत येते. 10 मिमीला 22 फूट! आणि 12 मिमीला? साडेअठरा. म्हणजे दोन मिलिमीटरमागे जवळजवळ चार फूट गेले. टेलिफोटोत 200 आणि 202 मधला फरक कुणाच्या लक्षातही येत नाही; इथे एकेक मिलिमीटर मोजून घ्यावा.

फुल फ्रेमचा सेन्सर 36 मिमी रुंद, म्हणून क्रॉपवर 10 मिमीला येणारं दृश्य तिथे 16 मिमीला मिळतं. त्यामुळे क्रॉपवाल्याने 16-35 घेऊन उपयोग नाही. त्याच्या हाती ती जेमतेम 26 पासून सुरू होणारी लेन्स होते. त्याने 10-18, 10-20 अशा आकड्यांकडेच पाहावं. कॅननची 2014 ची ईएफ-एस 10-18 अवघी 240 ग्रॅमची, आणि वीतभर अंतरावरही फोकस होते.

मी ती घेतली आणि पुढे फुल फ्रेम डीएसएलआर बॉडी आणली. लेन्स बसेचना! ईएफ-एसचा मागचा भाग आत जास्त शिरतो, म्हणून फुल फ्रेम डीएसएलआरच्या माउंटवर ती चढतच नाही. खोक्यावर लिहिलेलं होतं. वाचलं नव्हतं मीच. निकॉनची डीएक्स, म्हणजे क्रॉपसाठीची, लेन्स फुल फ्रेमवर चढते, पण कॅमेरा कडा कापतो आणि 24 मेगापिक्सेलचे साडेदहा उरतात.

दुकानात एफ-2.8 लेन्सचा मोह होतो. रात्रीचे तारे किंवा लग्नाचा हॉल टिपायचा असेल तर जरूर घ्या. पण लेण्यातली मूर्ती हलत नाही. वेरूळच्याच दहाव्या लेण्याच्या अंधारात, ट्रायपॉडशिवाय, मला स्टॅबिलायझरची एफ-4 जास्त कामाची वाटते. शिवाय काही फुगीर काचांच्या लेन्सवर, उदाहरणार्थ निकॉनच्या 2007 च्या 14-24 वर, साधा फिल्टर लागत नाही. 2019 च्या झेड 14-30 ला 82 मिमीचा लागतो.

आता एक कबुली. सगळं मावलं म्हणून फोटो चांगला येत नाही. कॅमेरा वर उचलला की ध्वजस्तंभ मागे कलंडल्यासारखा दिसतो. दिवाळीच्या ग्रुप फोटोत कडेला उभ्या आत्याबाई दुप्पट रुंद होतात आणि वर्षभर बोलत नाहीत. माझा सगळ्यात बरा फोटो अंगणातल्या दगडी हत्तीचा आहे. अडीच फुटांवर उकिडवा बसलो, कॅमेरा समपातळीत धरला. तुटक्या सोंडेचा हत्ती अंगावर आला, शिखर पाठीमागे लहानसं.

लेन्स घेण्याआधी एक दिवस भाड्याने आणून बघा. मंगळवार मात्र टाळा, वेरूळ बंद असतं.