मागणीचे चित्र, मनाचे चित्र

मुंबई-गोवा महामार्गावर वडखळ नाक्याला अलिबागचा रस्ता फुटतो. तेथील दुकानांच्या पाट्या, मालाच्या पिशव्यांवरील चित्रे, गल्ल्यामागील कॅलेंडर, हे सारे कोणीतरी पोटासाठी रेखाटलेले असते. व्यापारी घरातील मुलाचा हात चित्रकलेत चालू लागला की वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न उपजीविकेचा असतो, आणि तो मुळीच क्षुद्र नाही. चित्रकार रवी परांजपे (१९३५–२०२२) यांना या प्रश्नाचे उत्तर जाहिरातीने दिले.

जन्मगाव बेळगाव. तेथे के. बी. कुलकर्णी यांच्याकडे रेखांकनाचे धडे गिरवून ते मुंबईस आले. रतन बात्रा यांच्या स्टुडिओत, पुढे काही काळ केनियातील नैरोबीत आणि नंतर पुन्हा मुंबईत त्यांनी बोधचित्रकार म्हणून काम केले. संगणकापूर्वीचा तो काळ. मुदत ठरलेली, विषय दुसऱ्याचा, आणि ग्राहकाने सुचविलेला फेरफार निमूट करावयाचा.

वास्तुविशारदांसाठी त्यांनी काढलेली यथार्थदर्शी चित्रे विशेष नावाजली गेली. हाती केवळ नकाशा. त्यावरून अद्याप पायाही न खणलेली इमारत, तिच्यावरचे ऊन, झाडांच्या सावल्या आणि खाली वावरणारी माणसे अशी उभी करावयाची, की पाहणाऱ्याला तेथे राहावयास जावेसे वाटावे. अशा कामात एक रेघ चुकली तरी भिंत कलंडते.

उत्तरायुष्यात ते पुण्यास स्थायिक झाले आणि स्वतःच्या रंगचित्रांत रमले. आता मागणी कोणाची नव्हती. मात्र 'कमर्शियल' हा शिक्का आपल्या कलावर्तुळात सहजी पुसला जात नाही. परांजपे यांनी तो लपविला नाही. आधुनिकतेच्या नावाखाली रेखांकनाच्या कौशल्याला दुय्यम लेखण्याविरुद्ध त्यांनी लेखणीही चालविली. त्यांच्या रंगचित्रांतील नेटकेपणा, अलंकरण आणि आकृतींची लय पाहता जाहिरातीतील शिस्त तेथेही सुटलेली दिसत नाही. काहींना तो नेटकेपणा अतिरेकी वाटेल. परंतु त्यांची ताकदही त्यातच आहे. आत्मकथनास त्यांनी 'ब्रश मायलेज' असे नाव दिले. ब्रशने किती अंतर कापले, याचाच तो हिशेब.

पेढी मुलांच्या हाती सोपवून साठीनंतर रंगपेटी आणणाऱ्यांनी हा हिशेब नीट पाहावा. छंदाचा आनंद वेगळा, तो कोणीही घ्यावा. परांजपे यांनी मात्र उतारवयात ब्रश हाती घेतला नव्हता. त्यांनी फक्त मालक बदलला होता. वडखळहून जवळच्या पेणमध्ये गणपतीच्या कारखान्यांत हेच दिसते. मूर्ती विक्रीसाठीच घडतात, गिऱ्हाईक दराची घासाघीसही करते. तरी डोळ्यांची आखणी मात्र वर्षानुवर्षे सरावलेल्या हाताकडेच जाते.