तुआपेकाच्या वाळूतला एडवर्ड पीटर्स

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर ओटागो नावाचा प्रांत आहे. तिथल्या सोन्याचा इतिहास टास्मानियाहून आलेल्या गॅब्रिएल रीडपासून सांगायची पद्धत आहे. माझ्या मते तो एडवर्ड पीटर्सपासून सांगायला हवा. १८५३ साली 'माओरी' नावाच्या जहाजातून पीटर्स तिथे पोचला. त्या काळचे लोक त्याला मुंबईचा समजत; पुढे कुणी गोव्याचा म्हटलं, कुणी साताऱ्याचा. गोऱ्या वसाहतकऱ्यांनी त्याला 'ब्लॅक पीटर' म्हणायला सुरुवात केली आणि जन्मभर तेच नाव त्याला चिकटलं.

तोकोमाइरिरोच्या मैदानात तो शेतांवर मजुरी करी आणि सवड मिळाली की पत्र्याची थाळी घेऊन ओढे धुंडाळी. त्याचं सारं कसब त्या थाळीत होतं. ओढ्याच्या वळणावर, जिथे पाण्याचा जोर ओसरतो, तिथला गाळ थाळीत घ्यायचा. थाळी पाण्यात बुडवून आधी मोठे गोटे हाताने काढायचे, मग ती जराशी कलती धरून गोल गोल हलवायची. सोनं पाण्याच्या १९ पट जड, साधी वाळू जेमतेम अडीच पट. प्रत्येक झोल्यासरशी वाळू काठावरून वाहून जाते, शेवटी काळसर रेती उरते आणि नशिबात असेल तर तिच्या कडेला पिवळी रेघ दिसते. आपल्याकडे सराफकट्ट्याची माती धुणारे झारेकरी हेच करतात. फरक एवढाच, की झारेकऱ्याला सोनं कुठून आलं ते ठाऊक असतं. पीटर्सला नदीच्या वळणांवरून ते ताडावं लागे.

त्याने ते अचूक ताडलं. १८५० चं दशक संपण्याआधीच त्याला तुआपेका नदीत सोनं मिळालं होतं, ग्लेनोरजवळच्या वूलशेड क्रीकमध्येही मिळालं होतं. परिसरातल्या लोकांना हे माहीत होतं. रीडच्याही कानावर ते आलं होतं.

मे १८६१ मध्ये रीड त्याच खोऱ्यात शिरला. थाळी आणि खाटकाचा सुरा एवढ्या हत्यारांनिशी दहा तासांत त्याने सुमारे ७ औंस सोनं गोळा केलं. मग त्याने प्रांताच्या कारभाऱ्यांना पत्र लिहून जागा कळवली. त्याला एकूण १,००० पौंडांचं बक्षीस मिळालं, त्या घळीला त्याचं नाव मिळालं. काही महिन्यांतच हजारो माणसं तुआपेकाच्या रानात येऊन थडकली. १८४८ मध्ये स्कॉटिश लोकांनी वसवलेलं छोटंसं डनेडिन बघता बघता श्रीमंत शहर झालं. खाणकऱ्यांच्या वाट्याला मात्र कापडी तंबू आले. टेकड्यांवर झाडं नव्हती, त्यामुळे जळण दुर्मीळ; आणि १८६३ च्या हिवाळ्यात पुराने, बर्फाने कितीतरी जणांचे जीव घेतले.

रीडला सोनं लाभलं असंही नाही. त्याचं मन पुढे बिघडलं आणि १८९४ मध्ये टास्मानियातल्या मनोरुग्णालयात तो वारला. पण त्याच्या श्रेयाला कुणी हात लावला नाही. पीटर्सला मात्र म्हातारपणी, गरिबीत, आपल्या शोधासाठी सरकारकडे दाद मागावी लागली. १८८५ मध्ये सरकारने त्याला ५० पौंड द्यायचं कबूल केलं, तेही लोकांनी तेवढीच रक्कम वर्गणीने उभी केली तरच! एकाला हजार, दुसऱ्याला अटीवर पन्नास. कातडीचा रंग सोडून या फरकाचं दुसरं पटणारं कारण मला सापडत नाही. १८९३ मध्ये पीटर्स डनेडिनमध्ये वारला.

२००९ मध्ये ग्लेनोरजवळ त्याच्या स्मारकाचं अनावरण झालं, तेही भारतीय वंशाचे गव्हर्नर जनरल आनंद सत्यानंद यांच्या हस्ते. तिकडच्या लोकांनी उशिरा का होईना, आपलं काम केलं. आता पाळी आपली आहे. तो मूळचा कुठला, हे ठरवणारा कागद असलाच तर गोव्यातल्या चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्यांत, नाहीतर सातारा-मुंबईकडच्या जुन्या दप्तरांत असणार. ही दप्तरं हाताळणाऱ्या अभ्यासकांनी एडवर्ड पीटर्स हे नाव ध्यानात ठेवावं, ही विनंती.