वेब-आधारित व्यवसाय अहवाल प्रणाली

वेब-आधारित व्यवसाय अहवाल प्रणाली म्हणजे मोठ्या संस्थेच्या निरनिराळ्या खात्यांत साठणारी माहिती एकत्र करून ती तक्ते, आलेख व सारांशाच्या रूपात न्याहाळकावर दाखवणारी संगणक प्रणाली होय. ‘बिझनेस इंटेलिजन्स’ या व्यापक क्षेत्राचा ती एक भाग आहे. दैनंदिन व्यवहार नोंदवणे हे तिचे काम नसून, नोंदवलेल्या व्यवहारांवरून निर्णयासाठी उपयोगी आकडे काढणे हे तिचे काम आहे.

इतिहास

आयबीएममधील संशोधक हान्स पीटर लून यांनी १९५८ मध्ये ‘बिझनेस इंटेलिजन्स’ ही संज्ञा आपल्या शोधनिबंधात वापरली. १९८९ मध्ये हॉवर्ड ड्रेसनर यांनी तिला आजचा अर्थ मिळवून दिला. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी अशी सॉफ्टवेअर प्रत्येक संगणकावर स्वतंत्रपणे बसवावी लागत. त्यामुळे दोन कार्यालयांतील आवृत्त्या वेगळ्या असणे आणि एकाच विक्रीचे दोन आकडे निघणे हे नेहमीचे होते. त्या दशकाच्या उत्तरार्धात वर्ल्ड वाइड वेबचा प्रसार झाल्यावर अहवाल मध्यवर्ती सर्व्हरवर तयार होऊ लागले. पुढे या क्षेत्रातील प्रमुख कंपन्या मोठ्या उद्योगांनी विकत घेतल्या. ओरॅकलने २००७ मध्ये हायपेरियन, तर २००८ मध्ये एसएपीने बिझनेस ऑब्जेक्ट्स आणि आयबीएमने कॉग्नोस ताब्यात घेतली.

रचना

अशा प्रणालीत सामान्यतः चार स्तर असतात.

* मूळ नोंदी : विक्री, लेखा, वेतन, कर्जखाती इत्यादी दैनंदिन प्रणालींतील माहिती.
* माहितीकोठार : मूळ नोंदी ठरावीक वेळी, बहुधा रात्री, उचलून, तपासून व एकसारख्या करून येथे साठवल्या जातात. त्यामुळे अहवालांचा भार दैनंदिन कामावर पडत नाही.
* अर्थस्तर : ‘निव्वळ विक्री’ किंवा ‘थकबाकी’ यांसारख्या संज्ञांची व्याख्या येथे एकदाच केली जाते आणि सर्व अहवाल तीच वापरतात.
* अहवाल सर्व्हर : वापरकर्त्याची मागणी स्वीकारून न्याहाळकावर उत्तर पाठवणारा भाग.

वापरकर्ता राज्याच्या एकूण आकड्यावरून जिल्हा, तालुका व शाखा अशा क्रमाने खाली उतरू शकतो. कोणाला कोणत्या ओळी दिसाव्यात हे त्याच्या अधिकारानुसार ठरते. शाखाधिकाऱ्यास स्वतःच्या शाखेचे आकडे दिसतात, तर विभागप्रमुखास संपूर्ण विभागाचे.

महाराष्ट्रातील उदाहरण

मुंबईस्थित भारतीय रिझर्व्ह बँकेचे माहितीकोठार हे या पद्धतीचे मोठे सार्वजनिक उदाहरण आहे. ‘डेटाबेस ऑन इंडियन इकॉनॉमी’ या नावाने ते २००४ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. ३० जून २०२३ रोजी बँकेने ‘सेंट्रलाइज्ड इन्फर्मेशन मॅनेजमेंट सिस्टिम’ ही नवी प्रणाली कार्यान्वित केली. वाणिज्य बँकांच्या ठेवी व कर्जांचे जिल्हावार आकडे यातून कोणालाही पाहता येतात.

या आकड्यांचा उगम शाखांच्या विवरणपत्रांत असतो. दहा हजारांपेक्षा कमी लोकसंख्येच्या गावातील शाखा ‘ग्रामीण’ गटात गणली जाते. त्यामुळे गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातील प्रतापगडच्या परिसरातील लहान गावांत असलेल्या शाखांच्या नोंदी जिल्ह्याच्या ग्रामीण आकड्यात मिळतात, तेथून राज्याच्या आणि शेवटी देशाच्या बेरजेत जातात.

व्याख्येचे महत्त्व

शंभर रुपयांच्या ठेवींमागे किती रुपयांचे कर्ज दिले गेले, हे पत-ठेव गुणोत्तर सांगते. मात्र कर्ज जेथे मंजूर झाले तेथे मोजावे की जेथे वापरले गेले तेथे, यावर उत्तर बदलते. समजा, गोंदियातील एका भातगिरणीचे कर्ज नागपूरच्या शाखेने मंजूर केले. मंजुरीच्या ठिकाणानुसार ते नागपूरच्या नावे, तर वापराच्या ठिकाणानुसार गोंदियाच्या नावे येते. पैसा तोच असला तरी दोन्ही जिल्ह्यांची चित्रे वेगळी दिसतात. कंपन्यांची मुख्यालये मुंबईत असल्याने राज्याच्या आकड्यांतही हा फरक महत्त्वाचा ठरतो.

रिझर्व्ह बँकेने २००५ मध्ये घालून दिलेल्या पद्धतीनुसार राज्यस्तरावर वापराचे ठिकाण, तर जिल्हास्तरावर मंजुरीचे ठिकाण धरले जाते. गुणोत्तर ४० टक्क्यांखाली असलेल्या जिल्ह्यात विशेष उपसमिती नेमून कर्जपुरवठा वाढवण्याचा आराखडा करावा लागतो. म्हणजेच अहवालाच्या एका स्तंभाची व्याख्या कोणत्या जिल्ह्याकडे लक्ष जाईल हे ठरवू शकते. असाच प्रश्न खासगी कंपन्यांतही उद्भवतो. विक्री मागणी नोंदवलेल्या शाखेची मानावी की माल पोहोचवणाऱ्या, यावर शाखांचे यश मोजले जाते.

मर्यादा

मूळ नोंद चुकीची असल्यास अहवालही चुकतो. सुबक आलेखामुळे ती चूक उलट झाकली जाते. माहितीकोठार ठरावीक वेळीच भरले जात असल्याने दिसणारा आकडा त्या क्षणाचा नसतो. म्हणून चांगल्या अहवालात आकड्यासोबत त्याची तारीख, एकक आणि व्याख्या दिलेली असते. सरासरीत स्थानिक फरक बुजतात. जिल्ह्याचे गुणोत्तर समाधानकारक असतानाही त्यातील एखाद्या तालुक्यात कर्जपुरवठा अपुरा असू शकतो.