गोदाकाठची पाहुणी पाखरं : वैरी की गडी?

पोळा झाला, महालक्ष्म्या उठल्या आणि सोयाबीनची पानं पिवळी पडायला लागली, की आपल्या मुदखेड भागात पाखरांची नवी वर्दळ सुरू होते. कालपर्यंत बांधावर नसलेलं एखादं पाखरू आज शेपटी हलवीत नांगरामागं फिरताना दिसतं. ते कुठून आलं, कशासाठी आलं, याचा विचार कामाच्या घाईत आपण करीत नाही. मात्र ज्वारीत भोरड्यांचा थवा उतरला, की गोफण शोधायला सगळ्यांचीच धावपळ होते.

शहरातली हौशी मंडळी या दिवसांत दुर्बिणी घेऊन समुद्रकिनाऱ्यावर पक्षी शोधत हिंडतात. आपल्याकडं समुद्र नाही, पण गोदावरी आहे. शंखतीर्थ, आमदुऱ्याच्या काठानं सकाळी उन्हं वर यायच्या आत एक चक्कर मारली, तरी हजारो कोसांवरून आलेली चार-सहा जातींची पाखरं सहज नजरेला पडतात. त्यासाठी दुर्बीणही लागत नाही.

कोण कुठून येतं?

सर्वांत ओळखीची ती भोरडी. कोणी हिला पळसमैना म्हणतात. डोकं, पंख, शेपूट काळी आणि अंग गुलाबी. यंदाची पिल्लं मात्र मातकट रंगाची असतात, त्यामुळे ती वेगळीच जात वाटते. भोरडीची वीण पूर्व युरोपापासून मध्य आशियातल्या गवताळ मुलखापर्यंत होते. पावसाळा संपता संपता ती आपल्याकडं येते आणि फाल्गुन-चैत्रात पळसाच्या फुलांतला रस पिऊन परत फिरते. दिवस मावळताना येड्या बाभळीच्या झाडोऱ्यावर हजारोंचे थवे ढगासारखे वळणं घेतात, ते हिचेच.

दुसरा भारीट. चिमणीपेक्षा थोडा मोठा, पोटाकडून पिवळा. काळ्या डोक्याचा भारीट आग्नेय युरोप, तुर्कस्तान, इराणकडून येतो. विशेष म्हणजे या जातीची बहुतेक सगळी पाखरं हिवाळ्यात पश्चिम आणि मध्य भारतातच उतरतात. म्हणजे एवढ्या मोठ्या मुलखातल्या भारटांचा हिवाळा आपल्याच शिवारांवर अवलंबून आहे.

तिसरा धोबी, म्हणजेच परीट. पांढरा, करडा, पिवळा असे त्याचे प्रकार आहेत. ओलीत केलेल्या रानात, वाळूच्या पट्ट्यावर आणि जनावरांच्या पायाशी तो किडे टिपीत असतो. वजन जेमतेम वीस-बावीस ग्रॅम, पण पांढरा आणि करडा धोबी हिमालयातून आणि त्याच्याही पलीकडून येतो. चौथा थिरथिरा. घराच्या भिंतीवर, गोठ्याच्या वळचणीला बसून शेपटी सारखी थरथरवतो, म्हणून हे नाव.

यातली बरीच लहान पाखरं रात्री उडतात. निघण्यापूर्वी भरपूर खाऊन अंगात चरबी साठवतात आणि तीच वाटेतली शिदोरी. दिवस उजाडला की जिथं दाणा, किडा, पाणी मिळेल तिथं उतरतात. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं डॉ. सालिम अली यांच्या पुढाकारानं पाखरांच्या पायात धातूच्या कड्या अडकवून या प्रवासाचा मोठा अभ्यास केला. कडी असलेलं मेलेलं पाखरू सापडलं तर कडीवरचा क्रमांक वनखात्याला कळवावा.

नुकसान आणि फायदा

भोरड्या आणि भारीट ज्वारीची कणसं झाडतात, हे खरं आहे. शेतकऱ्याचा राग खोटा नाही. त्यात गेल्या तीस वर्षांत ज्वारीची जागा सोयाबीन, ऊस, हळद आणि केळीनं घेतली. शिवारात ज्वारीचा एखाददुसराच तुकडा उरला, की सगळे थवे त्याच्यावरच पडतात. म्हणून शेजाऱ्या-शेजाऱ्यांनी ज्वारी एकाच वेळी आणि लागून लागून पेरली, तर नुकसान वाटलं जातं. दाणा दुधात असताना सकाळी आणि दिवस मावळायच्या आधी राखण जास्त ठेवावी. गोफण, डबा, बुजगावणं, चमकणारी फीत या गोष्टी आलटून पालटून वापराव्यात. एकाच गोष्टीला पाखरं चार दिवसांत सरावतात.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. भोरडीचं मूळ अन्न नाकतोडे आणि टोळ. चीनच्या शिनज्यांग प्रांतात टोळ आटोक्यात ठेवण्यासाठी सरकारनंच भोरड्यांना घरट्यांची सोय करून दिली. मे २०२० मध्ये विदर्भात टोळधाड उतरली होती, ती आपण विसरलेलो नाही.

हरभऱ्यावरच्या घाटेअळीसाठी कृषी विद्यापीठं शेतात पक्षिथांबे लावायला सांगतात. दोन काठ्या आडव्या-उभ्या बांधून पिकाच्या थोड्या वर राहतील असे एकरी वीसेक थांबे पुरे. पेरतानाच हरभऱ्यात मूठभर ज्वारी टाकली, तर तिची ताटंच थांब्याचं काम करतात. साळुंकी, कोतवाल, चास त्यावर बसून अळ्या वेचतात. खर्च जवळजवळ नाही. दाणे भरून पक्व व्हायला लागले की थांबे काढून घ्यावेत.

विष मात्र नको

काही ठिकाणी पाखरं मारायला औषध लावलेले दाणे टाकतात. हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. फास लावून पाखरं धरणं आणि पिंजऱ्यात विकणं यालाही तोच कायदा लागू आहे. शिवाय ते विष तिथंच थांबत नाही. मेलेलं पाखरू कुत्रं खातं, पावसानं विष ओढ्यात उतरतं. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले. माणसाची ही गत, तर वीस ग्रॅमच्या जिवाचं काय!

ग्रामपंचायतीनं काय करावं?

जैवविविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. ही नोंदवही कपाटात ठेवायची वस्तू नाही. कोणतं पाखरू कोणत्या महिन्यात, कोणत्या शिवारात येतं, त्याला गावात काय म्हणतात, हे जुन्या जाणत्यांना विचारून तिच्यात लिहावं. ज्वारी कमी झाली तशी ही नावंही नव्या पोरांच्या तोंडून चालली आहेत.

अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा ५ नोव्हेंबर आणि सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर, या दोन जन्मदिवसांमधला आठवडा राज्यात २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. शाळेच्या गुरुजींनी त्या आठवड्यात मुलांना एक दिवस नदीकाठी न्यावं. ग्रामसेवक आणि सरपंचांनी सोबत जावं. तासाभरात जेवढं दिसेल तेवढं नोंदवहीत उतरवावं आणि पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा मोजावं. पाखरं वाढली की घटली, हे गावाला आपल्याच नोंदीवरून कळेल.